मध्यकर्णाचा क्रमविकास, सस्तन प्राण्यांच्या निर्वंश आप्तांमधील

सस्तन प्राण्यांच्या मध्यकर्णात घण, ऐरण व रिकीब या नावांनी ओळखली जाणारी तीन लहान हाडे असतात. सरीसृप, पक्षी व बेडूक यांच्या मध्यकर्णात असे एकच हाड असते. ते रिकिबीशी समजात (समान मूळ असलेले) आहे. घण व ऐरण ही दोन हाडे सस्तन प्राण्यांत नव्याने निर्माण झालेली नाहीत. त्यांच्या दूरच्या पूर्वजांत खालचा जबडा कवटीला ज्या दोन हाडांच्या सांध्याने जोडलेला होता, तीच ही हाडे होत. जबड्याची हाडे कानात कशी आली, याचा उलगडा भ्रूणविज्ञान व पुराजीवविज्ञान या दोन शास्त्रांनी मिळून सु. दोनशे वर्षांत केला आहे. पृष्ठवंशी प्राण्यांच्या इतिहासात एखाद्या इंद्रियाच्या स्थित्यंतराचा इतका सलग पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो.

मध्यकर्णाचे कार्य : हवेतून येणाऱ्या ध्वनितरंगांना अंतर्कर्णातील द्रवात प्रवेश मिळवून देणे हे मध्यकर्णाचे मुख्य कार्य होय. हवा व द्रव यांची घनता आणि संपीड्यता (दाबाने आकुंचित होण्याची क्षमता) फार भिन्न असल्याने हवेतील ध्वनी पाण्याच्या पृष्ठावर पडल्यास त्याची बहुतेक ऊर्जा परावर्तित होते. जेमतेम एक-सहस्रांश भाग आत शिरतो. ही हानी भरून काढण्यासाठी विस्तृत कर्णपटलावर पडलेला दाब लहान हाडांच्या साखळीने अंतर्कर्णाच्या अंडाकृती गवाक्षाएवढ्या लहान क्षेत्रावर केंद्रित केला जातो. मानवात कर्णपटलाचे परिणामी क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सु. १७ पट असते. घण व ऐरण यांच्या तरफेसारख्या रचनेमुळे त्यात सु. १.३ पट भर पडते. त्यामुळे दाब एकंदर सु. २२ पट वाढतो. या कार्यासाठी हाडे हलकी व कवटीपासून बऱ्याच अंशी मोकळी असणे आवश्यक असते. जबड्याच्या सांध्यातील हाडांना मात्र चावण्याचा ताण सोसावयाचा असल्याने ती जाड व घट्ट बसविलेली असावी लागतात. या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ कसा बसला, हाच या विषयातील मूळ प्रश्न आहे. [→ कान].

भ्रूणविज्ञानातील पुरावा : जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ योहान फ्रीड्रिख मेकेल यांनी १८२० मध्ये भ्रूणाच्या खालच्या जबड्यातील एका लांब उपास्थीचे (कूर्चेचे) वर्णन केले. ही उपास्थी पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. कार्ल बोगिस्लाउस राइखेर्ट (१८११–८३) यांनी डुकराच्या भ्रूणांचा अभ्यास करून १८३७ मध्ये असे दाखविले की, मेकेल उपास्थीच्या मागील टोकापासून घणाचा बराचसा भाग बनतो. त्याला जोडून असलेल्या वरच्या जबड्याच्या उपास्थीपासून ऐरण बनते. सरीसृपांत मेकेल उपास्थीच्या याच टोकापासून आर्टिक्युलर आणि वरील उपास्थीपासून क्वाड्रेट ही हाडे तयार होतात व त्यांच्यामध्ये जबड्याचा सांधा असतो. यावरून घण म्हणजे आर्टिक्युलर व ऐरण म्हणजे क्वाड्रेट हे समीकरण मांडले गेले. एर्न्स्ट गाउप (१८६५–१९१६) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या विचाराला तपशीलवार आधार दिला. म्हणून या उपपत्तीला राइखेर्ट–गाउप सिद्धांत असे म्हणतात. कर्णपटलाला ताणून धरणारे अस्थिवलय हे सरीसृपांच्या खालच्या जबड्यातील अँग्युलर या हाडाशी समजात आहे, हेही याच सिद्धांताचे अंग होय.

तंत्रिकांच्या (मज्जांच्या) मांडणीवरूनही हेच दिसते. घणाला जोडलेल्या लहान स्नायूस त्रिमूल तंत्रिकेच्या ज्या शाखेचा पुरवठा असतो, तीच शाखा चर्वणाच्या स्नायूंना जाते. रिकिबीच्या स्नायूस मात्र आनन तंत्रिका जाते. पहिला स्नायू भ्रूणातील पहिल्या क्लोम चापातून व दुसरा दुसऱ्या चापातून उत्पन्न होतो, हे त्याचे कारण होय. म्हणजे तिन्ही हाडे आज एकाच पोकळीत असली, तरी त्यांचे मूळ एक नाही.

या सिद्धांतास सुरुवातीला एक गंभीर आक्षेप घेतला जात असे. सस्तन प्राण्यांत खालचा जबडा डेंटरी या एकाच हाडाचा असून तो कवटीच्या स्क्वामोसल या हाडाशी सांधलेला असतो. जुना सांधा कानात जाण्यापूर्वी तो निकामी व्हावयास हवा. परंतु नवा सांधा तयार होण्यापूर्वी जुना निकामी झाला, तर मधल्या अवस्थेतील प्राणी अन्न चावणार कसे? सिद्धांत खरा असेल, तर दोन्ही सांधे एकाच वेळी असलेले प्राणी कधीतरी अस्तित्वात असले पाहिजेत. असा प्राणी हयात नाही. त्यामुळे निर्णय जीवाश्मांवर अवलंबून राहिला.

प्रारंभीचे चतुष्पाद व सिनॅप्सिडा : रिकिबीचे मूळ माशांच्या हायोमँडिब्युलर या हाडात आहे. माशांत हे हाड जबडा व क्लोमांचे आवरण यांना आधार देते. ग्रीनलंडमधील डेव्होनियन काळातील (सु. ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या) अकँथोस्टेगा या चतुष्पादाच्या रिकिबीचे वर्णन जेनिफर क्लॅक यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. ती आखूड व जाड असून हवेतील ध्वनी वाहून नेण्यास योग्य नव्हती. आद्य चतुष्पादांना कर्णपटल होते व ते सरीसृपांतून सस्तन प्राण्यांकडे आले, ही जुनी समजूत त्यामुळे टिकली नाही. एरिक लाँबार्ड व जॉन बोल्ट यांनी १९७९ मध्येच बेडूक, सरीसृप व सस्तन प्राणी यांचे कर्णपटल स्वतंत्रपणे उत्पन्न झाले असावे असे प्रतिपादन केले होते. कोंबडीच्या व उंदराच्या भ्रूणांवरील प्रयोगांतून २०१५ मध्ये या मताला आणखी आधार मिळाला. जबड्याच्या विकासाचे नियंत्रण करणारा संकेत बंद केल्यास उंदरात कर्णपटल तयार होत नाही. कोंबडीत मात्र ते दुप्पट होते.

सस्तन प्राणी ज्या शाखेत येतात त्या सिनॅप्सिडा शाखेचे सर्वांत जुने जीवाश्म सु. ३१ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे उत्तर कार्बॉनिफेरस काळातील आहेत. पूर्व पर्मियन काळातील डायमेट्रोडॉन हा पाठीवर उंच पंख्यासारखे शीड असलेला प्राणी या शाखेतील होय. लोकप्रिय पुस्तकांत त्याला पुष्कळदा डायनोसॉर समजले जाते. पण त्याचे नाते सस्तन प्राण्यांशी आहे. त्याच्या खालच्या जबड्यात डेंटरीच्या मागे अनेक मोठी हाडे असून आर्टिक्युलर व क्वाड्रेट यांचा भक्कम सांधा होता. रिकीब जाडजूड असून कवटीला आधार देत होती. तथापि अँग्युलर या हाडाला मागील बाजूस एक पातळ, दुमडलेला पत्रा होता व त्याच्या आणि हाडाच्या मुख्य भागाच्या मध्ये खाच होती. या दुमडलेल्या पत्र्याचा कानाशी पुढे निकटचा संबंध आला.

थेरॅप्सिडा व सायनोडोंशिया : मध्य पर्मियन काळात सिनॅप्सिडांमधून थेरॅप्सिडा हा गट व त्यातून उत्तर पर्मियनमध्ये (सु. २६ कोटी वर्षांपूर्वी) सायनोडोंशिया हा गट उदयास आला. दक्षिण आफ्रिकेच्या कारू खोऱ्यातील थरांत यांचे विपुल जीवाश्म मिळतात. रॉबर्ट ब्रूम (१८६६–१९५१) यांनी तेथील जीवाश्मांचे दीर्घकाळ संशोधन केले.

सायनोडॉंट प्राण्यांत डेंटरी क्रमाने वाढत गेली. तिच्यावर वरच्या दिशेने जाणारा उंच प्रवर्ध तयार झाला. चर्वणाच्या स्नायूंची विभागणी होऊन ते त्यावर व डेंटरीच्या बाहेरील पृष्ठावर बसले. डेंटरीच्या मागील हाडे याच वेळी आकाराने कमी होत गेली. पूर्व ट्रायासिक काळातील (सु. २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) थ्रिनॅक्सोडॉन या मांजराएवढ्या किंवा त्याहून लहान प्राण्यात ही हाडे डेंटरीच्या आतील बाजूस बारीक दांड्याच्या स्वरूपात दिसतात. क्वाड्रेट लहान होऊन कवटीच्या खाचेत सैलपणे बसलेले असे व त्याचा रिकिबीशी संपर्क होता. आजच्या ऐरण व रिकीब यांच्या सांध्याचे हे मूळ रूप होय.

येथे शरीररचनाशास्त्रज्ञ एडगर ॲलिन यांच्या १९७५ मधील प्रबंधाचा उल्लेख करावा लागतो. तोपर्यंत सायनोडॉंट प्राण्यांचे कर्णपटल सरड्याप्रमाणे क्वाड्रेटच्या मागे असावे, असा समज होता. कर्णपटल खालच्या जबड्यावरच, अँग्युलरच्या दुमडलेल्या पत्र्याच्या आधाराने ताणलेले होते, असे ॲलिन यांनी सुचविले. त्यांच्या मते ध्वनिकंपने आर्टिक्युलर, क्वाड्रेट व रिकीब या क्रमाने अंतर्कर्णाकडे जात. हे मान्य केल्यास मूळ प्रश्नाचे रूपच बदलते. जबड्याची हाडे प्रथम जबड्यातून सुटून मग कानाकडे गेली असे नव्हे, तर जबड्यात असतानाच ती ऐकण्याचे काम करीत होती. चर्वण व श्रवण ही दोन्ही कामे दीर्घकाळ एकाच हाडांनी केली. डेंटरीने पहिल्या कामाचा भार उचलल्यावर ती हाडे दुसऱ्या कामासाठी मोकळी झाली. ॲलिन यांच्या मताचा गाभा आज बहुतेक तज्ञांना मान्य आहे.

दुहेरी सांधा : सिद्धांताने अपेक्षित केलेला प्राणी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रत्यक्ष सापडला. ए. डब्ल्यू. क्रॉम्प्टन यांनी १९५८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पूर्व जुरासिक थरांतील डायार्थ्रोग्नॅथस या सायनोडॉंट प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नावाचा अर्थच ‘दोन सांध्यांचा जबडा’ असा आहे. त्याच्या जबड्यात क्वाड्रेट–आर्टिक्युलर या जुन्या सांध्याबरोबर डेंटरीचा स्क्वामोसलशीही संपर्क होता. ॲल्फ्रेड रोमर यांनी १९७० मध्ये अर्जेंटिनातील ट्रायासिक काळातील प्रोबेनोग्नॅथस या प्राण्यात नव्या सांध्याची पूर्वतयारी दाखवून दिली.

याहून स्पष्ट पुरावा मॉर्गान्यूकोडॉन या प्राण्याने दिला. दक्षिण वेल्समधील चुनखडकांच्या भेगांत साचलेल्या गाळात त्याचे अवशेष मिळाले व वॉल्टर क्यूने यांनी १९४९ मध्ये त्याला नाव दिले. पुढे चीनच्या युनान प्रांतातही त्याच्या कवट्या सापडल्या. केनेथ केरमॅक, फ्रान्सिस मसेट व हॅरल्ड रिग्नी यांनी त्याच्या खालच्या जबड्याचे १९७३ मध्ये व कवटीचे १९८१ मध्ये सविस्तर वर्णन केले. सु. २० कोटी वर्षांपूर्वीचा हा चिचुंद्रीएवढा प्राणी होता. त्याच्या डेंटरीला गोल माथा असून तो स्क्वामोसलच्या खळग्यात बसत असे. आतील बाजूच्या पन्हळीत मात्र अँग्युलर, आर्टिक्युलर इ. हाडांचा बारीक दांडा अद्याप होता व जुना सांधाही शाबूत होता. चर्वणाचा भार नवा सांधा उचलीत होता आणि जुना सांधा बव्हंशी श्रवणाच्या कामी येत होता. अशा रीतीने मधल्या अवस्थेतील प्राणी अन्न चावणार कसे, या आक्षेपाचे उत्तर मिळाले. जुना सांधा निकामी होण्यापूर्वीच नवा सांधा त्याच्या शेजारी तयार झालेला होता.

जबड्यापासून विलगीकरण : मॉर्गान्यूकोडॉनच्या पुढची पायरी, म्हणजे हाडे जबड्यापासून सुटण्याची अवस्था, दीर्घकाळ अज्ञात होती. युनानमधील लूफंग येथील हॅड्रोकोडियम हा सु. १९.५ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी २००१ मध्ये वर्णिला गेला. त्याची कवटी अवघी १२ मिमी. लांब असून वजन सु. २ ग्रॅम असावे असा अंदाज आहे. त्याच्या डेंटरीत मागील हाडांसाठी पन्हळ दिसत नाही. यावरून त्याचा मध्यकर्ण विलग झालेला असावा असे प्रथम मानले गेले. पण कर्णास्थी प्रत्यक्ष मिळालेल्या नसल्याने याबाबत मतभेद आहेत.

ईशान्य चीनमधील पूर्व क्रिटेशस काळातील सरोवरांच्या गाळात मात्र कर्णास्थी जागच्या जागी टिकून राहिलेले सांगाडे मिळाले. यानोकोनोडॉन (२००७) या सु. १२.५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यात घण व कर्णपटलाचे वलय हाडीभवन झालेल्या मेकेल उपास्थीने जबड्याशी जोडलेले दिसतात. जिन मंग व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये वर्णन केलेल्या लियाओकोनोडॉन या सु. १२ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यात तीच रचना अधिक स्पष्ट आहे. येथे कर्णास्थी डेंटरीपासून बाजूला सरकलेल्या असून मेकेल उपास्थी त्यांना कर्णपटलासह आधार देत होती. या अवस्थेला संक्रमणी मध्यकर्ण असे म्हणतात. याच प्रदेशातील ओरिगोलेस्टीझ या प्राण्याच्या वर्णनातून (२०१९) कर्णास्थींचा मेकेल उपास्थीशी असलेला सांधाही सुटल्याचे, म्हणजे श्रवण व चर्वण यांची फारकत झाल्याचे दिसून आले.

जीवाश्मांत दिसणारा हा क्रम हयात प्राण्यांच्या वाढीतही आढळतो. ऑपॉस्सम व इतर शिशुधान प्राण्यांची पिले अत्यंत अपक्व स्थितीत जन्मतात. त्या वेळी त्यांच्या कर्णास्थी मेकेल उपास्थीने जबड्याशी जोडलेल्या असतात व वाढीच्या पुढील काळात हा दुवा नाहीसा होतो. मानवात हे सर्व जन्मापूर्वीच घडते. मेकेल उपास्थीचा मागील भाग नष्ट होऊन घणाचा एक बंध आणि जबड्याचा एक बंध एवढाच तिचा अवशेष उरतो. जबड्याचा सांधा कानाच्या छिद्राच्या लगेच पुढे असतो, ही त्याच जुन्या शेजाराची खूण होय.

अनेक वेळा झालेला विकास : सस्तन प्राण्यांचा मध्यकर्ण एकदाच व एकाच पूर्वजात निर्माण झाला असावा, असे पूर्वी धरले जाई. कारण इतकी गुंतागुंतीची रचना पुन्हा पुन्हा घडणे असंभाव्य वाटे. ऑस्ट्रेलियातील टीनोलोफस या पूर्व क्रिटेशस काळातील अंडज सस्तन प्राण्याच्या जबड्यावर २००५ मध्ये टॉमस रिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष वेधले. त्यावरील पन्हळीवरून त्याच्या कर्णास्थी अद्याप जबड्याशी संलग्न असाव्यात असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो मान्य केल्यास बदकचोच्याच्या शाखेत आणि शिशुधान व अपरास्तनी प्राण्यांच्या समाईक शाखेत हे विलगीकरण स्वतंत्रपणे झाले असे ठरते. या जबड्याच्या अर्थाविषयी नंतर बरीच चर्चा झाली. तथापि यानोकोनोडॉनसारख्या प्राण्यांचा पुरावाही विलगीकरण एकाहून अधिक वेळा झाले असावे असेच सुचवितो.

नव्या सांध्याबाबतही असेच चित्र पुढे आले आहे. ब्राझीलमधील सु. २२.५ कोटी वर्षांपूर्वीच्या रिओग्रँडिया व ब्राझिलोडॉन या सायनोडॉंट प्राण्यांच्या कवट्यांचे क्ष-किरण संगणकीय छेदचित्रणाने केलेले संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सस्तन प्राण्यांना अधिक जवळच्या ब्राझिलोडॉनमध्ये फक्त जुना सांधा आढळला. तुलनेने दूरच्या रिओग्रँडियात मात्र डेंटरी व स्क्वामोसल यांचा संपर्क होता व तो पूर्वी ज्ञात असलेल्या उदाहरणांहून सु. १.७ कोटी वर्षे आधीचा आहे. म्हणजे सांध्याचे प्रयोग निरनिराळ्या शाखांत होत होते व त्यांपैकी एकच शाखा आजच्या सस्तन प्राण्यांपर्यंत टिकली. ‘डेंटरी–स्क्वामोसल सांधा असलेला तो सस्तन’ ही पाठ्यपुस्तकांतील जुनी व्याख्या त्यामुळे अपुरी ठरते.

कारणमीमांसा : हा बदल का झाला, याविषयी एकमत नाही. स्नायूंच्या नव्या मांडणीमुळे चावण्याचा जोर दातांवर एकवटून सांध्यावरील ताण कमी झाला आणि त्यामुळे मागील हाडे लहान होऊ शकली, असे एक मत आहे. २०१८ मध्ये स्टेफान लाउटेनश्लागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय प्रतिमानांद्वारे हे मत तपासले. स्नायूंच्या फेरमांडणीने सांध्यावरील ताण घटल्याचे त्यांना आढळले नाही. शरीराचा आकार लहान होण्याने मात्र तो घटत होता. ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धात या शाखेतील प्राणी फार लहान झाले होते. ते कीटकांवर उपजीविका करणारे व बहुधा निशाचर होते. हलक्या हाडांना उच्च कंप्रतेचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या अधिक असलेले) ध्वनी ग्रहण करता येतात. कीटकांचे सूक्ष्म आवाज ऐकणे अंधारात उपयुक्त ठरत असल्याने नैसर्गिक निवडीला या दिशेने वाव मिळाला असावा. मेंदूच्या वाढीमुळे कर्णास्थी मागे ढकलल्या गेल्या, ही १९९६ मध्ये टिमोथी रो यांनी मांडलेली कल्पना नंतरच्या जीवाश्मांच्या पुराव्यापुढे तितकीशी समाधानकारक ठरली नाही. अंतर्कर्णातील श्रवणनलिकेची शंखाप्रमाणे वेटोळी मात्र या सर्व बदलांनंतर क्रमाने वाढली. मॉर्गान्यूकोडॉनमध्ये ती आखूड व किंचित वाकडी होती.

भारतातील जीवाश्म : भारतातील प्राणहिता–गोदावरी खोऱ्यात या शाखेचे काही महत्त्वाचे जीवाश्म मिळाले आहेत. तेलंगणातील मालेरी शैलसमूहातील ट्रायासिक काळाच्या एका शाकाहारी सायनोडॉंट प्राण्यास १९८२ मध्ये शंकर चटर्जी यांनी एक्झेरेटोडॉन स्टॅटिस्टिके हे नाव दिले. जातिनामातून भारतीय सांख्यिकी संस्थेचा गौरव केलेला आहे. कोटा शैलसमूह तेलंगणात व महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा भागात उघडा पडलेला आहे. त्यातील जुरासिक काळातील एका आद्य सस्तन प्राण्याचे १९८१ मध्ये पी. एम. दत्त यांनी कोटाथेरियम हाल्डेनी असे नामकरण केले. कोटा शैलसमूहातून मिळालेले सस्तन प्राण्यांचे अवशेष मुख्यत्वे सुटे दात असल्याने कानाविषयी त्यांपासून थेट माहिती मिळत नाही. तथापि मॉर्गान्यूकोडॉननंतरच्या काळात हे प्राणी गोंडवनभूमीतही पसरलेले होते, हे त्यांवरून कळते. [→ गोंडवनी संघ, जीवाश्म].

महत्त्व : भ्रूणाच्या अभ्यासावरून १८३७ मध्ये केलेले अनुमान सव्वाशे वर्षांच्या आत खडकांतील पुराव्याने खरे ठरले, ही या संशोधनाची पहिली फलश्रुती होय. एखादे इंद्रिय त्याचे आजचे कार्य करण्यासाठीच प्रथमपासून घडविले गेले असे नसून जुन्या कामातील अवयव नव्या कामाला लागून त्याचे रूप पालटते, हे येथे पायरीपायरीने दाखविता येते. कोणत्याही टप्प्यावर प्राणी अर्धवट जबड्याचा किंवा बहिरा नव्हता. प्रत्येक टप्पा त्या काळी जगण्यास पुरेसा होता. क्रमविकासात अपूर्ण अवयवाचा उपयोग काय, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर सस्तन प्राण्यांच्या या तीन लहान हाडांच्या इतिहासात सापडते. [→ क्रमविकास, पुराजीवविज्ञान, सस्तन प्राणी].